वीस पाट्या, एकच पातेलं

त्याला सगळे चकाचक म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर तो स्वतःही पटकन ओ देत नसे. एका केटररकडे त्यानं एकतीस वर्षं भांडी घासली. माणूस आत बसून अंघोळ करू शकेल एवढी पातेली, दोघांनी मिळून उचलायच्या कढया, आणि ताटांना तर गणतीच नाही. जागा ठरलेली: हॉलच्या मागच्या अंगाला, नळाशेजारी, एका लाकडी फळीवर. पुढं गाणी चाललीत, लोक नटूनथटून मिरवतायत, फोटो निघतायत, यातलं त्याला काहीही दिसत नसे. त्याला लग्न कळायचं ते ताटांवरून. ताटं निम्मी भरलेली परत आली की समजायचं, स्वयंपाक फसला. चाटूनपुसून आली की समजायचं, जेवण कमी पडलं. पोटभर जेवून समाधानानं उठलेल्या माणसाचं ताट त्याच्या हाताखालून फारसं गेलं नाही, निदान त्या मालकाकडे तरी नाही.

पण त्याची खरी विद्या तळाची. पातेलं आडवं करून आत डोकावलं की आचाऱ्यानं काय दिवे लावलेत ते तो सांगायचा. मधोमध काळा गोल असेल तर भात चुलीवर ठेवून आचारी फोनवर बोलत बसला होता. कडेला तेलाची दोन वलयं असतील तर रस्सा काल केला आणि आज गरम केला. ताज्या रश्शाचं वलय एकच असतं. आचारी त्याच्यावर दात खाऊन असायचे. आली सासू तळ तपासायला, म्हणायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बोटांची सालं निघत होती, नखं कायमची पिवळी पडली होती, धूर आणि सोडा यांनी नाकाचा तर पार निकाल लागला होता, पण घासलेल्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे हा हट्ट त्यानं सोडला नाही. भाड्यानं आलेली भांडी आणि मालकाची भांडी एकमेकांत मिसळायची, भांडणं व्हायची, म्हणून एका पावसाळ्यात काम थंड असताना त्यानं खिळा आणि हातोडी घेऊन मालकाच्या एकेका भांड्याला काठाखाली तीन टिंबं ठोकली होती. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी शाबासकीही दिली नाही.

आणि डबा. कार्यक्रम आटोपला की जे उरेल ते मालक त्याच्या तीन पुडांच्या डब्यात भरायला सांगायचा. हा त्या नोकरीचा मोठा मान होता, असं निदान चकाचकला वाटायचं. आठवड्यातून तीन-चार दिवस तो डबा घरी यायचा. बायको पाणी आणि दोन ताटं मांडून वाट बघत असायची. तो डबा उघडायचा, आणि आत शहरातल्या बड्या लोकांनी खाल्लेलं जेवण असायचं: गार झालेला मसालेभात, वर साय धरलेला रस्सा, तुटलेले माशाचे तुकडे, कडक झालेला पाव. राणीसारखी जेवतेस बघ, तो म्हणायचा. ती मान खाली घालून जेवायची. त्याला वाटायचं, माणूस चवीनं जेवताना बोलत नाही ते असं.

मागच्या वर्षी त्याच्या हातांना भेगा पडून त्यातून रक्त यायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता पाण्यात हात घातलात तर बोटं गमवाल. नोकरी सुटली. मालकानं पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस ठेवला. त्यानंतर घरात डबा यायचा बंद झाला, आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता बायको सहज बोलल्यासारखं बोलली, की तिची एकच इच्छा राहिली आहे. कुठंतरी बसावं, आणि भांड्याचं झाकण तिच्यासाठी उघडलं जावं. खरवडून नव्हे, तळातलं नव्हे. पहिली वाफ तिच्या तोंडावर यावी आणि पहिला डाव तिच्या ताटात पडावा.

चकाचकनं ते मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं, की त्याला झोप लागेना. साठीची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि आयुष्यभरात मागितलं काय, तर एक वाफ. हॉटेलात न्यावं म्हटलं तर तिथं झाकण आत उघडतं, आपल्यापुढे नुसती वाटी येते. असा विचार चाललेला असताना मुलगी दोन पास घेऊन आली. ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची, तिथं कुणीतरी वाटले होते. शहरात खाद्य महोत्सव होता. पासावर लिहिलं होतं, ‘वीस घरांच्या वीस चवी, तुमच्या डोळ्यांसमोर चुलीवर शिजलेल्या’. तुमच्या डोळ्यांसमोर हे दोन शब्द चकाचकनं बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचले. मुलगी म्हणाली, बाबा, रविवारी अकराला उघडतं. तो म्हणाला, आम्ही दहाला जातो.

दहाला म्हणजे खरंच दहाला. तिनं कपाटातली निळी साडी काढली. त्यानं शर्टाला इस्त्री केली, एक चुणी राहिली म्हणून परत केली. दोन बस बदलून ते मैदानावर पोचले तेव्हा दारावरचा माणूस अजून खुर्च्या पुसत होता. तासभर उन्हात उभे राहिले. तिच्या गुडघ्यांनी बोंब मारायला सुरुवात केली, तरी ती रांगेतून हलली नाही. मागं रांग वाढत गेली. चकाचक मात्र खूश. आपण पहिले आहोत, म्हणजे झाकण आपल्यापुढेच उघडणार, असा त्याचा सरळ हिशेब होता.

आत शिरल्यावर त्या हिशेबाची वाट लागायला दोन मिनिटं पुरली. दोन्ही बाजूंना दहा-दहा मांडव होते, प्रत्येकावर रंगवलेली पाटी. ‘आजीची चूल’. ‘किनाऱ्यावरचं स्वयंपाकघर’. ‘डोंगरमाथ्याची शिदोरी’. ‘मळ्यातलं जेवण’. पाटीखाली मातीची चूल होती, चुलीत लाकडं रचलेली होती, आणि लाकडांवर लाल कागद चिकटवून आत दिवा लावलेला होता. चुलीवर छोटी नवीकोरी मडकी. त्यांना झाकणं नव्हतीच. ‘आजीची चूल’मधली आजी वीस-बावीस वर्षांची होती, केसांना पांढरी पावडर लावलेली, आणि ती डावाऐवजी हातात मोबाइल धरून उभी होती. चकाचकनं विचारलं, झाकण कुठाय? ती म्हणाली, आजोबा, फोटो काढायचा असेल तर या बाजूनं काढा, इकडून वायर दिसते. मग तिनं मडक्यातून रस्सा आणि भात वाढला. त्यातून वाफ येत नव्हती.

त्याच्या कपाळाची शीर तिथंच उडायला लागली होती. पण बायकोनं ताट हातात घेतलं आणि म्हणाली, असू दे, बसू या. मांडवाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. तिला बसवून तो समोरच्या ‘किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरा’तून स्वतःसाठी मासा आणि पाव घेऊन आला. तिनं एक घास घेतला, क्षणभर थांबली, आणि मान खाली घालून जेवायला लागली. चव कशी आहे हे त्याला काही कळलं नाही. ज्याचं नाक गेलं त्याची जीभ अर्धी जातेच, आणि उभ्याउभ्या जेवायची सवय असलेल्या माणसाचं जेवण चार मिनिटांत संपतं. ती अजून तिसऱ्या घासावर होती.

आता इथं त्यानं जे केलं ते दुसरा कुठलाही पाहुणा करणार नाही. महोत्सववाल्यांनी पृथ्वी वाचवायच्या पाट्या लावून कागदी ताटल्या बंद ठेवल्या होत्या, सगळी ताटं स्टीलची, आणि उष्ट्या ताटांसाठी जागोजागी निळे टब. मांडवांतल्या माणसांनी दार उघडायच्या आधीच जेवून घेतलं होतं, त्यामुळे टब भरून वाहत होते. ताटांवर रस्सा वाळायला लागला होता. वाळलेला रस्सा निघायला किती जीव खातो हे त्या मैदानात एकट्या चकाचकला माहीत होतं. तो उठला, स्वतःचं ताट उचललं, शेजारच्यांची चार उचलली, टबातली आणखी दहा-बारा वर रचली, आणि जिकडून पाण्याचा आवाज येत होता तिकडं चालायला लागला. टबाशेजारची मुलगी म्हणाली, काका, इथंच ठेवायची. त्यानं ऐकलं नाही. पायांना रस्ता पाठ होता. मांडवांच्या मागं, कनातीच्या पलीकडं, चिखलातून, नळापाशी.

कनात बाजूला सारली आणि तो थबकला. मागं एकच मोठी शेड होती. शेडमध्ये आठ पातेली, दोन शेगड्या, आणि तिथून बादल्यांनी भरून पुढच्या वीसच्या वीस मांडवांकडं माल चालला होता. एकच रस्सा ‘आजी’कडं जात होता, ‘डोंगरमाथ्या’वर जात होता आणि ‘मळ्या’तही जात होता; फक्त कुठं वर कोथिंबीर पडत होती, कुठं तळलेला कांदा. नळापाशी रिकामं झालेलं एक पातेलं आडवं पडलं होतं. त्यानं हातातली ताटं खाली ठेवली आणि सवयीनं आत डोकावून तळ बघितला. कडेला तेलाची वलयं होती. दोन नव्हे, तीन.

मग त्याची नजर काठाखाली गेली. तीन टिंबं.

त्यानं त्यांच्यावरून बोट फिरवलं. दुसरं पातेलं बघितलं, तिसरं बघितलं. एकाच्या पोटाला चेमटलेली जागा होती, ती त्याच्याच हातून जिन्यावरून पडून झालेली. सगळी ओळखीची भांडी. आणि त्या भांड्यांच्या मधोमध, खुर्चीवर पाय पसरून, टॉवेलनं मान पुसत बसलेला मालक.

मालकाला तर आनंद झाला. अरे चकाचक, बरा आलास देवासारखा, म्हणाला. घासायला ठेवलेली दोन माणसं आलीच नाहीत, ताटं तुंबलीत, तू जरा बस, तासाभराचं काम आहे, तुला काय नवीन आहे. चकाचकनं हातांच्या भेगा दाखवल्या नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, की हा रस्सा कधीचा.

“परवाच्या लग्नातला,” मालक म्हणाला. “बराच राहिला होता. लसणाची फोडणी मारली की कुणाच्या बापाला कळत नाही.”

“बाहेर वीस पाट्या लावल्यात, मालक.”

“लोकांना वीस नावं लागतात रे. चव एकच पुरते. आणि तू कशाला तोंड वाकडं करतोस? तू तर हेच खाऊन जगलास, तेही फुकट.”

चकाचक आयुष्यात कुणावर हात उगारणारा नव्हता, पण त्या क्षणी त्याचा हात शेजारच्या झाऱ्यावर गेला होता हे खरं आहे. फुकट. एकतीस वर्षं नळाखाली बसून ज्याची हाडं भिजली त्याला फुकट म्हणायचं. लोकांच्या ताटात परवाचं ओतून वर पृथ्वी वाचवायच्या पाट्या लावायच्या, पोरीच्या डोक्याला पावडर फासून तिला आजी म्हणायचं. आणि या सगळ्यात आपण, शहाण्यासारखे, उन्हात तासभर रांग लावून, पहिला नंबर धरून, बायकोला कुठं घेऊन आलो? त्याच पातेल्यापाशी. त्याच तळापाशी. त्यानं झाऱ्यावरचा हात काढला तो मालकाची दया येऊन नव्हे. बायको बाहेर ते खात होती, आणि ते आधी थांबवायला हवं होतं.

तो जवळजवळ पळतच परत आला. ती निम्म्या ताटापर्यंत आली होती. त्यानं तिच्या हातातलं ताट ओढलं. रस्सा निळ्या साडीवर सांडला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

“खाऊ नकोस,” तो म्हणाला. “हे आपल्या मालकाचं आहे. उरलेलं आहे, परवाचं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

त्यानं ओढलेलं ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

“पहिल्या घासाला कळलं. जळक्या लसणाची फोडणी. एकतीस वर्षं खाल्लीय, झोपेतसुद्धा ओळखीन.”

“मग बोलली का नाहीस? खाल्लंस कशाला?”

“तुम्ही एवढे हौसेनं घेऊन आलात म्हणून. आणि तसंही मी आजवर दुसरं काय केलं?” तिचा आवाज चढला नाही. “डबा आला की मला मळमळायचं. माशाचे ते तुकडे बघून मी नळापाशी जाऊन चूळ भरून यायची. तुम्ही म्हणायचात, राणीसारखी जेवतेस. आवडतं का म्हणून एकदा विचारलं असतंत.”

मालकावरचा, पाट्यांवरचा, त्या पावडरवाल्या पोरीवरचा सगळा राग चकाचकच्या अंगात अजून तसाच उसळत होता, आणि आता तो सगळाच्या सगळा त्याच्यावरच उलटला. तिच्याकडं मान खाली घालून जेवणारी बाई म्हणून त्यानं किती वर्षं पाहिलं, आणि त्या मानेत काय होतं ते त्याला कधी दिसलं नाही. तळ बघून आचाऱ्याची कुंडली मांडणारा माणूस, आणि घरातलं एक ताट त्याला वाचता आलं नव्हतं. तो स्वतःवर इतका चिडला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी चिडला.

तेवढ्यात मालक तिथं आला. मनानं तो दुष्ट नव्हता, निदान त्याला स्वतःला तसं वाटत नव्हतं. आपला जुना माणूस नाराज होऊन गेला हे त्याला बरं वाटलं नसावं. हातात एक डबा होता, तीन पुडांचा, नवा, गच्च भरलेला. वहिनींना घेऊन आलास आणि सांगितलं नाहीस, तो म्हणाला, हा घरी घेऊन जा, संध्याकाळची सोय होईल. आणि त्यानं डबा पुढं केला.

चकाचकचे दोन्ही हात पुढं झाले.

त्याला तसं करायचं नव्हतं. त्याच्या मनात त्या क्षणी डबा उचलून मालकाच्या डोक्यावर उपडा करायचं होतं. पण हातांना मन कुठं असतं, ते आपले एकतीस वर्षांच्या सवयीनं पुढं गेले, तळवे वर करून, भेगांसकट. डबा त्यात ठेवलाही गेला. तो आपल्याच हातांकडं परक्याचे असल्यासारखं बघत राहिला.

बायको खुर्चीचा दांडा धरून उठली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ दोघे पुरुष नुसते उभे राहिले. तिनं नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि मालकाच्या हातात दिला.

“मालक,” ती म्हणाली, “आज आम्ही जेवायला आलो होतो. न्यायला नाही.”

मालक काहीतरी हसण्यावारी न्यायला बघत होता, पण तिच्याकडं बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं. ती वळली आणि चालायला लागली. दोन्ही बाजूंच्या पाट्यांकडं तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. चकाचक तिच्या मागून निघाला. दारावरच्या माणसानं अभिप्रायाची वही पुढं केली, तेव्हा त्यानं ती घेतली, पेन घेतलं, आणि पानभर एकच मोठी आडवी रेघ ओढून परत दिली. लिहायला बसला असता तर वही पुरली नसती.

बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. बसस्टॉपपर्यंत दोघं चालत गेली. ती पुढं, तो दोन पावलं मागं. साडीवरचा डाग वाळून कडक झाला होता. स्टॉपवर ती बसली, पदरानं घाम पुसला, आणि भूक लागलीय म्हणाली, जणू काही सगळी चूक त्या भुकेचीच होती. चकाचक तिच्यासमोर उभा राहिला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती त्यांच्या. एवढ्या वर्षांत जे विचारायचं राहिलं ते त्यानं आता विचारलं, तेही नीट नाही, जवळजवळ रागानंच.

“तुला काय आवडतं खायला?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. ती समोरच्या रस्त्याकडं बघत आठवायला लागली. एक बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं दोघांकडं पाहिलं, दार लागलं आणि बस गेली. तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. लग्नाआधी काहीतरी होतं, ती पुटपुटली, आईच्या घरी, गरम गरम, मी ताट घेऊन चुलीपाशीच बसायची. पण ते काय होतं ते तिला आठवेना. तिनं पुन्हा डोळे मिटून बघितलं, पुन्हा आठवेना, आणि मग इतका वेळ आवरून धरलेलं तिला आवरता आलं नाही. मांडीवरच्या पिशवीवर तिनं मूठ आपटली, एकदा, दोनदा, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता नवऱ्याकडं बघितलं.

“माहीत नाही मला,” ती म्हणाली. “कळलं? मला माहीतच नाही.”